कोयता विहिरीत टाकला, इथपर्यंतच

तो खटला विसरावा म्हणून मी लय वर्षं घालवली. जमलं नाही, म्हणून आता लिहून टाकतोय. नाव कुणाचंच सांगणार नाही.

लढाईचे दिवस होते. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका ठाण्यावर मी नवा शिपाई होतो. वय बावीस. सातवी पास, अक्षर चांगलं, म्हणून पंचनामे लिहायचं काम माझ्याच गळ्यात. आणि अंगात दुसरा गुण नकलांचा. फौजदारांचा खोकला, मामलेदारांचं नाकातलं बोलणं, बाजारातल्या गुळवाल्याची आरोळी, सगळं हुबेहूब. ठाण्यात मला सोंगाड्याच म्हणायचे.

त्या गुळवाल्याचाच खून झाला. उसाच्या फडात पडला होता, मानेवर कोयत्याचा घाव. कोयता मात्र गायब. पोलीस पाटलानं खबर दिली की आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरनं त्याची आणि धाकट्या भावाची जोरात जुंपली होती. धाकटा पलटणीतनं रजेवर आलेला. त्याला आणून कोठडीत टाकला.

तीन दिवस तो गप्प. मार खाल्ला, उपाशी राहिला, पण तोंड उघडेना. पलटणीतल्या माणसाला शिव्या आणि मार दोन्हीची सवय असते. असली माणसं मऊ बोलण्याला फुटतात, हे आमच्या फौजदारांना पक्कं माहीत.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "काय रं सोंगाड्या, त्याच्या थोरल्याचा आवाज येतोय न्हवं तुला?"

"येतो की साहेब. गुळासकट येतो."

कोठडीच्या मागच्या भिंतीला उंचावर एक झरोका होता. मी त्याखाली उभा राहिलो आणि मयताच्या आवाजात म्हणालो, "बारक्या, माझा कोयता कुठं हाय रं?"

आतनं हुंदका आला.

"दादा, हिरीत टाकला म्या. आईला दिसू नये म्हणून. तू पडला हुतास, कोयता शेजारीच. आई भाकरी घिऊन यायची व्हती रं."

भिंतीपलीकडं मी तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. लिहायला लाज वाटते, पण हसत होतो.

लगेच दोन पंच बोलावले. त्यांच्यासमोर धाकटा तेच बोलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी दौत-टाक घेऊन लिहीत होतो. 'कोयता मी विहिरीत टाकला' झालं आणि पुढचं 'आईला' लिहिणार, तेवढ्यात फौजदारांनी टाकावर बोट ठेवलं.

"बास. तितंच टिंब दे."

"साहेब, पुढं बोलला तो."

"वस्तू सापडण्यापुरतं लिवायचं. बाकीची कीर्तनं कोर्ट ऐकत न्हाई."

हे खोटं नव्हतं. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. ज्या बोलण्यावरनं वस्तू सापडते तेवढंच चालतं, आणि म्हणून सगळी ठाणी तेवढंच लिहीत. मी टिंब दिलं. विहिरीत गडी उतरवला, कोयता सापडला. फौजदारांनी माझी पाठ थोपटली.

साताऱ्याच्या सेशन कोर्टात आरोपीला वकील द्यायची ऐपत नव्हती, तेव्हा सरकारनं एक नेमून दिला. सांगलीचा तरुण बॅरिस्टर, विलायतेहून नुकताच आलेला. अजून एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली कागद चाळत होता. त्याला फाशीचं पहिलंच काम. मराठी जपून जपून बोलायचा, जणू प्रत्येक शब्दाखाली विंचू आहे. व्हरांड्यात मी त्याची नक्कल केली, शिपाई खिदळले, आणि मागं बघतो तर बॅरिस्टर उभा.

"छान करता हो. फक्त चष्मा सावरायचा राहिला."

मी सलाम ठोकला. तो मला बाजूला घेऊन गेला. तुरुंगात आरोपीला पाच वेळा भेटून आला होता, त्या विहिरीवर जाऊन बसून आला होता. पंचनाम्याची नक्कल त्याच्या हातात चुरगळलेली.

"एक विचारतो. माझा माणूस म्हणतो, दादा त्याच्याशी बोलला. डॉक्टर म्हणतात, हा वेडा नाही. मग बोललं कोण?"

"भूत असंल साहेब."

तो हसला नाही. "भुताला साक्षीला बोलावता येत नाही. तुम्हाला येतं. 'टाकला'च्या पुढं तो काय म्हणाला, तेवढं सांगा. तो आज सांगतोय की आईसाठी टाकला. जज्ज म्हणणार, हे नंतर सुचलेलं. कोठडीतच बोलला होता हे पोलिसाच्या तोंडून आलं, तर कदाचित वाचेल. नाहीतर जातो फासावर."

"पंच हायत की."

"पंच फौजदारांकडं बघून बोलतात."



दुसऱ्या दिवशी मी साक्षीच्या पिंजऱ्यात. पाठीमागच्या बाकावर आरोपीची आई, समोर फौजदार. बॅरिस्टर उलटतपासणीला उठला.

"आरोपी 'टाकला'वरच थांबला?"

"होय."

"तुम्हाला मयताचा आवाज काढता येतो?"

सरकारी वकील उठले, जज्जसाहेबांनी त्यांना बसवलं. "उत्तर द्या."

"नाही साहेब."

बॅरिस्टरनं चष्मा सावरला आणि खाली बसला.

फाशीची शिक्षा झाली. बॅरिस्टरनं हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं. येरवड्याहून फाशी दिल्याची तार आली त्या आठवड्यात मी हवालदार झालो. पुढं एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर बॅरिस्टरला गाठलं आणि म्हटलं, "साहेब, आवाज मीच काढला होता."

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ठाऊक असून काय उपयोग? ते तुमच्याकडून काढून घेणं माझं काम होतं. मला आलं नाही." फौजदारीची कामं त्यानं नंतर सोडली, असं ऐकलं.

काही महिन्यांनी ती आई ठाण्यावर आली. बाकावर बसली.

"लेकरा, तू कोर्टात न्हाई म्हणालास. पर बाजारात समदी म्हणत्यात, तुला आवाज काडता येत्यात."

"काय पायजे म्हातारे?"

"थोरल्याचा नगं. धाकट्याचा काड. माज्यासाठी कायतरी बोलला हुता म्हणं."

मी तोंड उघडलं. त्याचं ते वाक्य, रडण्यासकट, माझ्या कानात होतं. आजही आहे.

"मला नाही येत," मी म्हणालो.

ती व्हय म्हणाली आणि उठून गेली.

खून धाकट्यानं केला की नाही, मला माहीत नाही. केलाही असेल. या खटल्यानं काय शिकवलं असं लोक विचारतात. माणूस बोलतो तेवढं सगळं लिहावं, हे शिकवलं. शिकलो का, तर नाही. मी फौजदार होऊन निवृत्त झालो. मधल्या वर्षांत किती शिपायांच्या टाकावर मी स्वतः बोट ठेवलं, ते आता आठवतही नाही.