हळद न लागलेली अक्षरं

ईरण्णाचं नाव निघालं की अजूनबी माझ्या पोटात दुखतंय. खोटं कशाला बोलू? माणूस चांगला होता, म्हणूनच जास्त दुखतंय.

सन छत्तीसची गोष्ट. निजामाचं राज्य होतं. बीदरला मैलूरच्या बाजूला रेवणसिद्धप्पांचा लहानसा छापखाना होता. उर्दूचं काम छापाच्या दगडावर लिहून व्हायचं, मराठीचं खिळ्यांवर. शिशाचं एकेक अक्षर म्हंजे एकेक खिळा. ते जुळवणारा मी, मुडबीचा ग्यानबा. बारा वर्षं एकट्यानं काढली. त्यात दसऱ्याचं पत्रक म्हंजे माझा मान. कापडवाले अमृतप्पा ते दर साली गावोगाव वाटायचे. मथळ्याला कुठलं अक्षर घ्यायचं, जाड का बारीक, ते मी ठरवायचो. मुडबीत कुणाच्या भिंतीला ते चिकटवलेलं दिसलं की माझी मान ताठ व्हायची.

मग ईरण्णा आला. कडगंचीचा, सोलापूरला काम शिकलेला. वय असंल पंचवीस. आल्या आल्या त्यानं मालकाला पुण्याहून नवे खिळे मागवायला लावले. बारीक, टोकदार, देखणे. मेला कामबी असं करायचा की बघत राहावं. मी ओळी भरून जागा उरंल का बघायचो, तो आधी जागा सोडायचा आन् मग ओळ बसवायचा. मालक म्हणायचे, "ग्यानबा, बगा जरा, ईरण्णा कसं करायलाय." बगा म्हणे! बारा वर्षं काय मी माशा मारल्या?

घरी माझी बायको कमलबाई ताट वाढता वाढता इचारायची, "आज काय केलं तुमच्या ईरण्णानं?"

"माझा कामून म्हणायलीस?" मी खेकसायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची.

त्या साली अमृतप्पा म्हणले, "दोघं एकेक पत्रक करा. अष्टमीला सांजंला बघतो. ज्याचं पसंत पडंल, दसऱ्याचं काम कायम त्याच्याकडं." मला दोन दिवस अन्न गोड लागलं न्हाई.

अष्टमीला सकाळीच मी नव्या खिळ्यांत माझं पत्रक जुळवून छापून घेतलं. ईरण्णा म्हणला, "जेवून येतो अण्णा, मग बसतो." तो गेला आन् माझ्या डोक्यात सैतान शिरला. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारं पुजतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईस्तोवर त्याला कुणी हात लावत न्हाई. पूजा उद्याची होती. मी आजच पाट मांडला. नव्या खिळ्यांची पेटी ठेवली, जुन्या खिळ्यांचीबी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. यंत्र चालू होतं म्हणून तेवढं सोडलं. माळ्यावर मथळ्याची लाकडी अक्षरं पडली होती, पहिल्या साली मीच सागवानात कोरलेली. त्यातला र जरा कललेला. त्या भंगाराकडं मी बघितलंबी न्हाई.

मालक आले. "एवढी घाई कामून?"

"अप्पा, उद्या गडबड व्हईल." त्यांनी पाटापुढं हात जोडले. झालं! आता खुद्द मालकबी त्या खिळ्यांना हात लावू देणार न्हवते.

ईरण्णा आला. पाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता शिव्या देतो म्हणून मी तयारच होतो. तो नुसता म्हणला, "अण्णा, यंदा पूजा लवकर झाली की." आन् शिडी लावून माळ्यावर चढला.

सांजंला अमृतप्पांपुढं दोन कागद होते. माझा नव्या खिळ्यांनी गच्च भरलेला. त्याच्या कागदावर मधोमध 'दसरा', वीतभर मोठा, खाली त्याच लाकडी अक्षरांत अमृतप्पांचं नाव, बाकी सगळं मोकळं. अमृतप्पांनी तोच उचलला. "वेशीपासून वाचता येईल. आन् हा र बगा, वाकून सोनं द्यायलाय जणू. कोरलाय कुणी?"

"ग्यानबाअण्णांनी," ईरण्णा म्हणला. "मी नुसती धूळ झटकली."

सगळे माझ्याकडं बघून वा वा करायले. मला त्याचा गळा धरावा वाटायला. काम तर नेलंस, वर मोठेपणाबी तुलाच? शिव्या दिल्या असत्यास तर मी सुखानं जेवलो असतो.

दसऱ्याला तो सोनं म्हणून बन्नीची, म्हंजे शमीची, पानं घेऊन घरी आला. लहान म्हणून पाया पडला. म्हणला, "अण्णा, इतकी चांगली अक्षरं माळ्यावर कामून टाकलीत?" मी कमलबाईला पाणी आणायला सांगितलं.

पुढं बारा वर्षं, निजामाचं राज्य जाईस्तोवर, पत्रक त्यानंच केलं, दर साली माझ्याच अक्षरांत. मग तापानं गेला. मालकांनी ती लाकडी अक्षरं माझ्या घरी पोचवली. आता खंडेनवमीला मी त्यांना हळद लावतो. त्या दिवशी सगळ्या खिळ्यांना लावली आन् माझीच तेवढी सोडली. त्याला ती दिसली, मला दिसली न्हाईत. ईरण्णावरचा राग जात न्हाई तो ह्याच्यामुळं.