बोराएवढी अक्षरं

बोरीवलीच्या मासळीबाजारातल्या एका कोळणीचा चष्मा कायम कपाळावर, आणि फोनवरची अक्षरं बोराएवढी. ती ज्या ॲपवर मासे विकते ते मी बनवतो, हे कळताच तिनं मला धरलं. "सकाळपासून तीन ऑर्डरी गेल्या रे! ‘स्वीकारा’चं बटणच दिसत नाय."

मोठ्या अक्षरांनी बटण स्क्रीनबाहेर ढकललं होतं. मी म्हणालो, "मावशी, अक्षरं लहान करा ना."

तिचा कोयता थांबला. "गिऱ्हाइकानं अख्खं पापलेट मागितलं, तर मी सांगते काय, तुकडेच खा म्हणून?"

अशा तक्रारींवर मी ‘वापरणाऱ्याची चूक’ लिहून मोकळा व्हायचो. त्या दिवशी पहिल्यांदा ‘आमची चूक’ लिहिलं आणि बटण जागेवर आणलं.

आठवड्यानं तिनं फोन निरखून पाहिला. म्हणाली, "जमतंय तुला हळूहळू."