सशाला लावलेली हळद

आमचा ससा मागच्या पायानं मान खाजवू लागला की मला त्याच्याहून जास्त अस्वस्थ वाटतं. मानेवरचे केस गळून तिथं रुपयाएवढा लाल चट्टा पडला होता. मी लगेच हळद लावली. बायकोनं मला न सांगता करंजाचं तेल लावलं. त्याचा वास उग्र वाटला म्हणून मी वरून खोबरेल चोळलं. चट्टा वाढतच गेला, तेव्हा घाबरून त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बुरशी असेल, किडे असतील, नाहीतर ॲलर्जी. पण काका, मला कातडी दिसतच नाहीये. खरवडून तपासलं तरी तुमची हळदच सापडेल."

"चारदाच लावली," मी म्हणालो.

"आणि त्यानं चाटली किती?"

मी सशाकडे पाहिलं. त्याच्या मिशा पिवळ्या होत्या.

"आठ दिवस काही म्हणजे काही लावू नका. मग आणा, तेव्हा आजार दिसेल."

माणसाला दुसऱ्याचं दुखणं नुसतं बघवत नाही. आजाऱ्याला भेटायला गेलो तरी आपण एखादा काढा सुचवूनच उठतो. त्यानं आपल्याला बरं वाटतं, आजाऱ्याचं तो जाणे.

आज सहावा दिवस. ससा उन्हात बसलाय आणि मी शेजारी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. चट्ट्याच्या कडेला बारीक लव आल्यासारखी वाटतेय.

"कोरफड थंड असते," आतून बायको म्हणाली. "थोडी लावायची का?"

मी ठामपणे नाही म्हणालो. मग कोरफडीची कुंडी उचलून शेजाऱ्यांकडे ठेवून आलो. बायकोचा नव्हे, मला माझाच भरवसा नव्हता.