देवराव काकांचा ब्राउझर

“वर्षा, ते तिकीट क्लोज करून टाक. युजर साइड इश्यू आहे.”

समीर सर माझे बॉस. ते पुण्यात बसतात, मी वाशीमला घरातल्या मागच्या खोलीत. आमची कंपनी दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळते. कुणाला साइट उघडेना झाली की तक्रार येते, तिला आम्ही तिकीट म्हणतो. तिकीट सोडवायचं आणि क्लोज करायचं, हे माझं काम. आणि ‘युजर साइड इश्यू’ म्हणजे आमची साइट ठणठणीत, खोट बघणाऱ्याच्या फोनात. आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं आहे. बोललं की हात झटकून मोकळं.

हे तिकीट नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून आलं होतं. पाठवणारी तिथली नर्स. दोनच ओळी होत्या. पेशंटच्या मिस्टरांना भेटीचं पान उघडत नाही. पेशंट रोज वाट बघतात.

पेशंटचं नाव कमलबाई पडघान. रक्ताचा आजार. उपचारांनी अंगातली ताकद एवढी उतरते की साध्या सर्दीनेही जीव जाऊ शकतो, म्हणून अशा पेशंटला काचेच्या खोलीत एकटं ठेवतात. आत नातेवाईक नाही, नातेवाइकाचा मोबाइलही नाही. मुलगा विनोद नागपुरातच होता, पण त्यालाही मोबाइल जमा करून काचेबाहेरूनच बघायचं. गावाकडच्या माणसांसाठी दवाखान्याने एक सोय केली होती. ठरलेल्या वेळी साइटवर जायचं, पेशंटचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, की व्हिडिओ सुरू होतो. तिकडे नर्स टॅब घेऊन पेशंटच्या समोर उभी राहते. पंधरा मिनिटं बोलायचं.

सोय चांगलीच होती. वाईट म्हणणार नाही मी.

मी क्लोज करणारच होते. मग पत्त्यावर नजर गेली. किन्हीराजा, तालुका मालेगाव. पुण्यातल्या माणसाला ते एक नाव असेल. माझी सख्खी आत्या तिथे दिली होती. म्हटलं, एक फोन तर करू.

“हॅलो, देवराव काका का? मी वाशीमहून बोलते, दवाखान्याच्या वेबसाइटवाली.”

“जय भीम बाई. कमलले बरं हाये ना?”

“जय भीम काका. मी डॉक्टर नाही हो. तुम्हाला ते पान उघडत नाही म्हणे, म्हणून फोन केला.”

“नाई ना उघडत बाप्पा. दाबलं का काळं पान येते. इंग्रजीत काईतरी लिवलेलं राह्यते. मले वाटलं, मायंच चुकून राह्यलं.”

“रोज येतं?”

“रोज. भेटीचा टाइम अकराचा. पन मी च्या झाला का दाबाले बसतो. उशीर झाला तर थे वाट पाहून राह्यन ना तिकडं.”

काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. बांधावरून पाय घसरला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने खाटेवरून हलू नका म्हणून सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत कमलबाईंचा आजार निघाला. बायको नागपूरला, नवरा किन्हीराजाला, आणि दोघंही आपापल्या खाटेला बांधलेले. दोघांच्या मध्ये आमची साइट.

फोनवर काही उमजेना. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेतला आणि एसटी धरली. आई म्हणाली, “तुले कायले एवढी उठाठेव? पगार तेवढाच भेटते ना?” खरं होतं. पण मी अशीच आहे. एक गोष्ट डोक्यात बसली की निघत नाही.

पोहोचले तर काकांच्या ओसरीवर ही गर्दी. काका खाटेवर उशीला टेकून बसलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. भेटीची वेळ जवळ आली होती ना. आजूबाजूला भाऊ, भावजया, पुतणे, शेजारी. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सगळे मान खाली घालून एकच पान दाबून राह्यले होते.

“हे सगळे कशाला?” मी विचारलं.

काकांचे थोरले भाऊ माझ्याकडे बघायला लागले. “अवं बाई, बिमाराले पाहाले एकटं कोनी जाते का? सारे जातात. ज्याच्या फोनात उघडन, त्याच्यात सारेच पाहू.”

आमच्याकडे हेच आहे. गावात कुणी आजारी पडलं की भावकी उठून जाते. चार माणसं दारात आली की पेशंटलाही धीर येतो. आता जायला वाट नव्हती, तर लोक फोनमधून जायला निघाले होते. काकांनी लिंक सगळ्यांना पाठवली होती.

मी एकेक फोन हातात घेऊन बघितला. सगळ्यांवर तेच काळं पान, आणि सगळ्यांत एकच ब्राउझर. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट उघडतो ते ॲप. हा होता डेटा वाचवणारा. असा ब्राउझर पान थेट आणत नाही. आधी त्याच्या कंपनीचा कुठला तरी परदेशातला कॉम्प्युटर ते पान घेतो, दाबून लहान करतो आणि मग आपल्याला पाठवतो. जिथे नेटवर्क रडतं तिथे हा ब्राउझर बरा.

“हा कोणी टाकून दिला सगळ्यांना?”

“मी टाकला, मॅडम.” मागून एक जण पुढे आला. गावात मोबाइलचं दुकान चालवणारा सुभाष. “आपल्याइकडं रेंजची बोंब हाये. म्हनून जो फोन इकतो त्याच्यात हाच टाकून देतो. बाकीचे काहाडून टाकतो, म्हंजे फोन हलका राह्यते. काहून, काई चुकलं का?”

काही चुकलं नव्हतं बिचाऱ्याचं. भलंच केलं होतं त्याने.

मी लॅपटॉप उघडला, माझ्या फोनचं नेट लावलं आणि साइटच्या नोंदी काढल्या. साइटच्या दारावर एक वॉचमन असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. वॉचमन माणूस नाही, नियमांची जंत्री आहे. जो ब्राउझर येतो तो दारावर आपलं नाव सांगतो आणि कुठून आलो ते सांगतो. किन्हीराजातले सगळे फोन एकच नाव सांगत होते. आणि तो परदेशातला कॉम्प्युटर मध्ये असल्यामुळे सगळे एकाच ठिकाणाहून आल्यासारखे दिसत होते. वर एवढे जण एका वेळी, भराभर दाबणारे. वॉचमनला काय वाटणार? हा रोबो आहे, साइट पाडायला आलाय. त्याने दार लावून घेतलं. आणि तसं वारंवार झाल्यावर आमच्याच टीममधल्या कुणीतरी पक्का नियम लिहून टाकला होता, की या नावाचा ब्राउझर आला की आतच घ्यायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझं डोकं फिरलं. पण आधी काम. काकांच्या फोनमध्ये मी दुसरा ब्राउझर टाकला. तो थेट जातो, मध्ये कुणी नाही. पान लगेच उघडलं. दवाखान्याचं नाव, निळं बटण, सगळं. ओसरीवर एकदम कालवा झाला.

“उघडलं! उघडलं रे!”

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. सदऱ्याची वरची गुंडी लावली. मी कमलबाईंचं नाव टाकून दिलं आणि बटण दाबलं.

‘या रुग्णाची भेट उपलब्ध नाही.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दवाखान्याच्या डेस्कला फोन लावला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, “मॅडम, फॅमिली लागोपाठ काही दिवस जॉइन झाली नाही की सिस्टीम त्यांचा भेटीचा स्लॉट काढून दुसऱ्या पेशंटला देते. ऑटोमॅटिक आहे. आता परत अप्रूव्हल लागेल. मॅनेजर सोमवारी येतील.”

“अहो, ते जॉइन झाले नाहीत असं नाही. तुमच्या साइटने त्यांना आत घेतलं नाही!”

“सिस्टीममध्ये ‘नॉट जॉइन्ड’ दिसतंय, मॅडम.”

मी ओसरीच्या बाहेर येऊन समीर सरांना फोन लावला. आवाज चढलाच माझा.

“सर, तो नियम काढा. माणसं अडवली जाताहेत.”

“किती लोक वापरतात तो ब्राउझर? आणि वर्षा, हे नर्सचं तिकीट सोडलं तर एकही कंप्लेंट नाहीये आपल्याकडे.”

“कंप्लेंटचा फॉर्म कुठे आहे सर?”

“साइटवरच आहे की.”

“मग तो भरणार कोण? ज्याला दारातच अडवलं तो?”

सर म्हणाले, “नियम काढायचा तर क्लायंटची सिक्युरिटी टीम लागेल, त्याला वेळ जाईल. पण भेटीचं मी बघतो. मॅनेजरला मोबाइलवर गाठतो.” माणूस वाईट नाही. त्यांनी खरंच खटपट केली. पण मॅनेजर रजेवर होते आणि सही दुसऱ्या कुणाची चालत नव्हती. आत आले तर काकांनी एकच विचारलं, “सोमवारी दिसन ना बाई?” मी हो म्हटलं.

सोमवारी दुपारी अप्रूव्हल आलं. सकाळीच कमलबाईंना श्वास जड व्हायला लागला होता आणि त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं होतं.

त्या दिवशी मी किन्हीराजातच होते. ओसरीवर तेवढीच माणसं, पण या वेळी सगळ्यांनी आपापले फोन खिशात ठेवले होते. मीच सांगितलं होतं. अप्रूव्हल आल्या आल्या व्हिडिओ सुरू झाला. नर्सने टॅब जवळ नेला. तोंडात नळी, डोळे मिटलेले, डोक्यावर केस नाहीत. काका क्षणभर ओळखू शकले नाहीत. मग म्हणाले, “कमल. अवं कमल. मी हावो.”

नर्स म्हणाली, “औषधाने झोपवलंय. पण बोला काका, ऐकू जातं कधी कधी.”

काका बोलले. बैल कसा आहे ते सांगितलं. तूर फुलावर आली म्हणाले. थोरल्या वहिनीने तुझी गोधडी उन्हात घातली म्हणाले. “मी रोज दाबून राह्यलो होतो वं. उघडतच नोयतं.” हे त्यांनी परत परत सांगितलं. पंधरा मिनिटं झाली आणि पान आपोआप बंद झालं.

कमलबाई त्याच आठवड्यात गेल्या.

विनोदचा मला फोन आला, आभार मानायला. मला लाज वाटली आभाराची. बोलता बोलता तो रडायलाच लागला. म्हणाला, “ताई, आई पयले रोज भेटीच्या टाइमले तयार व्हायची. केस नोयते तं नर्सकडून डोक्याले रुमाल बांधून घ्यायची. टिकली लावून मांगे. टॅबकडं पाहत बसे. मी काचेतून इशारे करो, का नेट नाई, नेट नाई. तिले वाटे, मी समजूत काढून राह्यलो. मंग एक दिवस नर्सले म्हने, राहू दे वं माय आता टिकली. त्यायले नाई पाहायचं मले असं. तं कायले जबरदस्ती करता?”

कमलबाईंना वाटलं, आपल्या तशा रूपामुळे नवरा समोर येत नाहीये.

“बाबाले सांगू नका,” विनोद म्हणाला. मी नाही सांगितलं. आज लिहिलं, कारण बाप-लेकात ते आता बोलून झालं आहे, आणि विनोदनेच लिहा म्हटलं.

तो नियम निघायला पुढे बरेच दिवस लागले. मीटिंग झाल्या, मेल झाले. शेवटी निघाला. काळ्या पानावर आता मराठीत लिहिलंय की पान उघडत नसेल तर या नंबरवर फोन करा. जॉइन न झाल्यावर स्लॉट आपोआप काढणं बंद झालं, आता डेस्कवरून आधी घरी फोन जातो. बदल लागू झाला की तो खऱ्या जागेवरून तपासावा लागतो, जुन्याच ब्राउझरने, तसल्याच रेंजमध्ये. पुण्यात बसून ते कळत नाही. मी किन्हीराजाला गेले. कमलबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधीच होऊन गेला होता. म्हटलं, सुभाषच्या दुकानात बसून तपासू आणि जाता जाता काकांना भेटून येऊ.

पण सुभाषच्या दुकानाला कुलूप होतं. म्हणून आधी काकांकडे गेले. काका आता काठी घेऊन चालायला लागले होते. कशाला आले ते मी सांगणार नव्हते, पण त्यांनी विचारलं आणि मला खोटं सुचलं नाही.

“मंग माया फोनात पाहा ना,” काका म्हणाले. “ते जुनं अजून हाये त्याच्यात. नाई काहाडलं मी.”

“राहू द्या काका.”

“कायले राहू द्या? दुसऱ्याच्या तरी कामी येईन.”

त्यांनी स्वतःच उघडलं. दवाखान्याचं नाव आलं, निळं बटण आलं. पहिल्याच दाबाला.

“उघडलं,” काका म्हणाले. ते पडद्याकडे बघत राहिले. “इथं पेशंटचं नाव टाका म्हनते.”

काकांनी अंगठा त्या चौकटीवर तसाच धरून ठेवला. मग फोन उलटा करून खाटेवर ठेवला आणि सुनेला हाक मारली, “पोरीसाठी च्या ठेव वं.”

मी चहा घेतला आणि एसटीने परत आले. रिपोर्टमध्ये लिहिलं, टेस्ट पास.

आमच्या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. चुकून आत आलेल्या चोराचा बोभाटा होतो. चुकून बाहेर राहिलेला माणूस मात्र ओरडत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.