पदराच्या गाठीतल्या दोन किल्ल्या

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता डोक्यातून गेले. ही एक घटना काही जात नाही, आणि आठवली की तो दिवस खराब जातो.

तेव्हा मी मुदखेडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी ठाणे अंमलदाराला फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, आमच्या गल्लीत एका लेकीनं आईला कोंडून ठेवलंय, आतून कण्हण्याचा आवाज येतोय. स्टेशन डायरीला नोंद करून, महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन मी निघालो. पंचांसमक्ष कुलूप तोडलं. सगळी गल्ली गोळा झाली होती. त्यातल्या एकानंही त्या म्हातारीला कधी घोटभर पाणी दिलं नव्हतं, पण लेकीला नावं ठेवायला सगळे पुढं.

आत खाटेवर अर्धांगवायू झालेली म्हातारी, वाचा गेलेली. पण लुगडं स्वच्छ, केसांना तेल लावून वेणी घातलेली, हाताशी पाण्याचा तांब्या आणि दुधात कुस्करलेली भाकरी झाकून ठेवलेली. मला तिथंच शंका आली. छळ करणारं माणूस वेणी घालत बसत नाही.

पंचनामा चालू असतानाच लेक आली. चाळिशीची विधवा, नांदेडहून गाडीनं आलेली. गर्दी बघून ती दारातच खाली बसली. शेजारणीला म्हातारीजवळ बसवून आम्ही तिला ठाण्यात आणलं.

तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. भाऊ नाही. नांदेडला एका घरी काम करते, मुक्काम तिथंच. दुपारी चोरून येते, आईला भरवते, धुते-पुसते आणि परतीची गाडी धरते. दार उघडं ठेवलं तर कुत्री शिरतात, म्हणून कुलूप. घर कुणाचं, काम कसलं, एवढं मात्र सांगेना. चहा दिला, तो तसाच गार झाला. नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"लवकर लिवून घ्या सायब, अन् सोडा मला," एवढंच म्हणायची. अशी घाई करणारे मी खूप पाहिलेत. बाहेर यांची कुणीतरी वाट पाहत असतं, बहुतेक वेळा साथीदार.

महिला कॉन्स्टेबलनं झडती घेतली. पदराच्या गाठीत दोन किल्ल्या निघाल्या. एक जुनी, गंजलेली, आम्ही तोडलेल्या कुलपाची. दुसरी नवी कोरी, फ्लॅटच्या दाराची.

मी विचारलं, ही कुठली? तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

"तिथं बी एक माय हाय सायब. तिला बी कोंडूनच आलेय. तिच्या पोराला कळलं तर माझं काम जातंय."

तिला जीपमध्ये घेतलं आणि नांदेड गाठलं. वसाहत चांगली, जिन्यात कुंड्या, दारोदारी पाट्या. किल्ली लावली, दार पुरतं उघडेना. कारण म्हातारी दाराशीच पडली होती. निवृत्त शिक्षिका. पाय घसरून पडल्या होत्या, कपडे ओले, ओठ कोरडे. माझ्यासोबतच्या लेकीला बघून म्हणाल्या, "आलीस का गं?"

मी त्यांना विचारलं, बाई, जिन्यातून माणसं जात होती, हाक का नाही मारली?

त्या म्हणाल्या, "हाक मारली असती तर मुलाला कळलं असतं. त्यानं हिला काढलं असतं. मग माझं कोण करणार?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या परत चालल्या नाहीत. मुलगा पुण्याहून आला आणि त्या बाईविरुद्ध फिर्याद दिली. मी ती नोंदवून घेतली, तिनं स्वतःच्या आईला कोंडल्याचेही कागद केले. कुलपं दोन, म्हाताऱ्या दोन आणि आरोपी मात्र एकच. लेकीनं आपल्या आईला अहमदपूरच्या मावशीकडं नेलं, तिथं ती फार दिवस काढू शकली नाही. ती गेली तेव्हा लेक तिच्याजवळ होती, एवढंच त्यातल्या त्यात बरं. कामावरून तर तिला काढलंच होतं.

कायद्यानं मला कुणी कोंडलं ते विचारायला शिकवलं. दोघींना एकाच बाईच्या गळ्यात कुणी बांधलं, हे विचारायला कुठलंच कलम नव्हतं. फिर्यादी मुलाचा मला तेव्हा फार संताप यायचा.

आता मी लातूरला असतो. बायको गेली. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं माझीच डावी बाजू गेली. मुलगा पुण्यात. त्यानं एका ब्युरोकडून बाई ठेवून दिलीय, दिवसभर असते, स्वभावानं गरीब. परवा ती पायाला तेल लावत होती तेव्हा तिच्या पदराला गाठ दिसली. जुनी सवय, विचारलं, घरी कोण असतं?

"सासू हाय. डोळ्यानं दिसत न्हाई तिला."

"तिच्याजवळ आत्ता कोण आहे?"

ती तेल चोळतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कुलूप लावून आलेय, सायब."

तू घरी जा, असं मी म्हणालो नाही. मला एकट्याला पलंगावरून उठता येत नाही.