अण्णांचा भुरका

मेसमध्ये आज समोरच्या मुलीनं आमटीचा मोठा भुरका मारला आणि माझा घास हातातच राहिला. आमचे अण्णा असेच जेवायचे.

कॉलेजला येताना, आठवण आली की ऐकायला म्हणून मी घरातलं एक जेवण मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. त्यात आई विचारते, "आज भुरका कुठं गेला म्हणायचा?"

अण्णा हळूच म्हणतात, "गप गं. पोरीच्या कॉलेजातली माणसं ऐकतील."

अण्णा दिवाळीआधी गेले. रेकॉर्डिंगमध्ये भांडी वाजतात, आई हसते. अण्णा मात्र माझ्यासाठी इतकं जपून जेवलेत, की ते तिथं बसलेत असं वाटतच नाही.

माझ्या बघण्यानं ती मुलगी ओशाळली. मी माझी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली.