रेणावीच्या घाटातलं पाणी

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या उन्हाळ्यापर्यंत मला नीट ठाऊक नव्हतं. मी शाळामास्तर. सकाळी देवापुढं दिवा लावत होतो, सणावाराला हात जोडत होतो. त्यापलीकडं विचार करायची वेळ कधी आली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात, त्र्याहत्तरच्या मे महिन्यात ती आली. माझी सात वर्षांची मुलगी सुमन अंगणात खेळत असताना एक कुत्रं आत शिरलं आणि तिच्या पोटरीला कडकडून चावलं. दुपारपर्यंत त्याच कुत्र्यानं दोन शेळ्या आणि एक वासरू फोडलं. गावकऱ्यांनी त्याला काठ्यांनी लोळवलं तेव्हा त्याच्या तोंडातून फेस गळत होता. तो फेस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि पुढचे कित्येक दिवस दुसरं काही दिसेना.

विट्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. रोज एक, एकही दिवस चुकवायचा नाही. आमचं गाव विट्यापासून दहा-अकरा मैलांवर, मोठ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. दुसऱ्याच दिवशी एसटी आली नाही. फाट्यावर ऊन चढेपर्यंत वाट बघितली. तसाच घरी परतलो आणि सायकल काढली. कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली, पोरीचे पाय तारांत जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पोतं आवळलं आणि निघालो. त्यानंतर रोज तोच रस्ता.

त्या रस्त्यावर सायकल चालवणं एरवी मला फार आवडायचं. दोन्हीकडं उघडे माळ, मधेच एखादी ओघळ, लांबवर एकापाठोपाठ एक उभे राहिलेले बोडके डोंगर, आणि तासतासभर माणूस दिसायचं नाही. पण तीच शांतता आता अंगावर यायची. चेनचा आवाज तेवढा ऐकू येत राहायचा. धनगरांचा मेंढ्यांचा वाडा जवळ आला की तिथली कुत्री भुंकत धावून यायची आणि सुमन मागून माझा सदरा दोन्ही मुठींत धरायची. ओरडायची नाही, रडायची नाही, नुसती धरून ठेवायची. पाठीवर तिचं काळीज धडधडताना मला कळायचं. बाभळीचा काटा चाकात गेला की मी घाबराघुबरा होऊन पंक्चर काढायचो. उशीर झाला आणि दवाखाना बंद झाला तर, या विचारानं सोल्यूशनची ट्यूब हातातून खाली पडायची.

घाटात उतरून सायकल ढकलावी लागे. तिथं पोचलो की रेवणसिद्धाच्या देवळाच्या दिशेनं हात जोडून मी रोज एक नवस बोलायचो. पहिल्या दिवशी नारळ बोललो. मग अभिषेक. मग वर्षभर सोमवारी अनवाणी येईन म्हणालो. मग गोड सोडलं, मीठ सोडलं. आज लाज वाटते, पण मी देवाशी बाजारात घासाघीस करावी तसा बोलत होतो. आणि इतकं बोलूनही भीती तसूभर कमी होत नव्हती. ती रोज वाढतच होती.

दहाव्या दिवशी सकाळी निघताना बायको दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "काल सांजपासनं तिनं पाणी घेतलेलं न्हाई. भाकरी तेवढी दुधात कुस्करून चार घास खाल्ली." मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. मग तिनं पाण्याची बाटली भरून माझ्या हातात दिली.

घाटाच्या पायथ्याशी मी सायकल थांबवली आणि बाटलीचं बूच काढलं. "सुमे, दोन घोट घे. ऊन लागंल." तिनं मान फिरवली. मी बाटली ओठांशी नेली तर तिनं ती दोन्ही हातांनी ढकलली. निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळे मोठे झाले होते, आणि ती त्या सांडलेल्या पाण्याकडं अशी बघत होती, की माझ्या पायांखालची जमीनच सरकली. पाण्याचं भय, हेच ते लक्षण. मी सायकल ढकलत चढायला लागलो. देवळाच्या दिशेनं पाहिलं. रोजच्यासारखं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण बोलायला काहीच उरलं नव्हतं. सोडण्यासारखं सगळं सोडून झालं होतं. एवढंच म्हणालो, "आता तूच बघ. माझ्यानं होत नाही." तो नवस नव्हता, प्रार्थनाही नव्हती. हात गळून गेलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

वळणावर दुष्काळी काम चालू होतं. बायामाणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत होती. त्यांतली एक म्हातारी हातातला हातोडा ठेवून उठली आणि सरळ आमच्या वाटेत येऊन उभी राहिली. डोक्यावर फाटका पदर, दात मिसरीनं काळे.

"आवं, पोरीचं ओठ बघा की. पानी पाजा तिला."

"पीत नाही," मी म्हणालो. "कुत्रं चावलंय. कालपासनं पाण्याला शिवत नाही."

तिच्या चेहऱ्यावर भीती उमटेल, ती मागं सरेल, असं मला वाटलं होतं. ती पुढं आली. सुमनला तिनं कॅरिअरवरून उतरवलं, सावलीला नेलं आणि समोर उकिडवी बसली. "काय गं बाय, तहान लागली न्हाई व्हय?"

सुमननं मान हलवली. मग फार वेळानं ती म्हातारीच्या कानाशी लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. म्हातारी माझ्याकडं वळली.

"आवं, तुमीच बोलला व्हता न्हवं कुनापाशी, पान्याला भ्याली की पोर हातची गेली म्हनून? ती मागं बसून ऐकत व्हती. तिला तहान हाय. पर ती म्हनती, घशातनं उतरलं न्हाई तर अण्णांना कळंल. मग अण्णा रडतील."

आदल्याच दिवशी परतताना वाटेत एक ओळखीचा गाडीवान भेटला होता. त्यानं विचारलं आणि मी मनातलं सगळं बोलून मोकळा झालो होतो. मागं कॅरिअरवर बसलेल्या पोरीला कान आहेत, हे मी साफ विसरलो होतो. माझी भीती मी तिच्या पोटात घातली होती, आणि ते लेकरू माझ्यासाठी तहानेनं कोरडं पडत होतं.

म्हातारीनं आपलं मडकं आणलं. "हे बघ, आधी मी पिते," म्हणत तिनं ओंजळीनं एक घोट घेतला. "गेलं बघ माझ्या घशातनं. आता तू. न्हाई गेलं तर थुकून टाक, कोन रागावत न्हाई." सुमननं माझ्याकडं पाहिलं. मला मान फिरवावीशी वाटत होती, फिरवली नाही. तिनं ओंजळीला तोंड लावलं. तिच्या चिमुकल्या गळ्यातून तो घोट खाली उतरताना मी पाहिला. मग दुसरा. मग तिनं मडक्यालाच तोंड लावलं आणि थांबेचना. त्या वर्षी घाटावर पाणी टँकरनं यायचं आणि माणशी मोजून मिळायचं. म्हातारीचं दिवसभराचं पाणी माझ्या पोरीनं एका दमात संपवलं. मी रस्त्यातच खाली बसलो आणि चारचौघांसमोर हमसून रडलो.

"उठा," म्हातारी जरा रागानंच म्हणाली. "सुई टोचायला उशीर व्हईल. आनि हितनं पुढं पोरीदेखत असलं बोलू नगा."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दांडीला पाण्यानं भरलेली कळशी बांधून घेऊन गेलो. ती तिथंच होती, खडी फोडत होती. तिनं ते पाणी सगळ्या बायांच्या रांजणात ओतलं आणि सुमनच्या गालावरून हात फिरवला. नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला मास्तर? आल्या-गेल्याला पानी पाजायचं असतं." तिला देव म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण स्वतः तसं म्हणतही नाही. ती माणूस होती. माझे शब्द संपले त्याच वळणावर ती उभी होती, एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढं मला पुरतं.

चौदा इंजेक्शनं पुरी झाली. तरी डॉक्टर म्हणाले, काही महिने लक्ष ठेवा. ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. सुमननं तांब्या उचलला की माझा श्वास अडकायचा. पण आता मी ते चेहऱ्यावर दिसू देत नसे. भ्यालो की मनातल्या मनात म्हणायचो, "तूच बघ," आणि तिच्या हातातला तांब्या घेऊन आधी एक घोट मी प्यायचो.

सुमनला आता नातवंडं आहेत. माझी भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. म्हातारपणी भीतीला नवी नवी कारणं सापडतात. पण देवापुढं बसलो की मी आता काही देऊ करत नाही आणि काही मागतही नाही. जे आहे ते भीतीसकट त्याच्यासमोर ठेवतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. मग उठून दिवसाच्या कामाला लागतो.